बापू ज्याच्या बाजूने, तो बुडालो

माझे जावई बँकेत अधिकारी आहेत. कुडाळला लेकीकडे गेले की सकाळच्या चहाला ते फोनकडे अशा नजरेने बघत बसलेले असतात, की नवख्या माणसाला वाटावं घरात कोणाची तब्येत बरी नाही. शेअरचे भाव वर जातात, खाली येतात, आणि त्यांच्याबरोबर जावयांच्या भुवया. मागच्या खेपेला मी न राहवून विचारलं, "काय हो, हा जुगारच ना?"

"नाही आई," ते म्हणाले. "जुगार नशिबावर असतो. हा अभ्यास आहे. रिस्क असते, पण मोजलेली."

मी मान डोलावली. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला मान डोलावता येते. पण मनात म्हटलं, आमचे बापू असते तर तुमचा तो शेअर बघून नुसतं म्हणाले असते, "ह्यो वर जातलो," आणि तुम्ही शहाणे असाल तर त्याच घटकेला तो विकून मोकळे झाला असता.

बापू आमचे मालवणचे शेजारी. बाजारातून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. जाळ्याचे दोरे, गळ, शिशाची वजनं, असला माल. पुढे दुकान, मागे घर, त्याच्यामागे आमचं घर, आणि मध्ये एक दगडी गडगा. त्या गडग्याची उंची एवढीच की वरून कालवणाची वाटी देता यावी आणि पलीकडचं भांडण स्पष्ट ऐकू यावं. बापू उंच, किडकिडीत, मिशीची फार निगा राखणारे. दुकानात बसले की एक पाय दुसऱ्या पायाखाली, आणि समोरून जे जाईल त्याच्यावर पैज. येणारी एस.टी. लाल की हिरवी. दारातली मांजर उजवीकडे जाते की डावीकडे. गिऱ्हाईक आधी भाव विचारणार की आधी खोकणार.

आणि ते हरत. लावलेली पैज हरत, धरलेली पैज हरत. मांजर त्यांनी उजवीकडे म्हटलं की डावीकडे जाई, आणि डावीकडे म्हटलं की तिथेच बसून अंग चाटू लागे.

आयुष्यात ते एकदाच जिंकले. ती पैज त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकीच्या, जिवावर लागली होती. तिच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे, पण बापू आधी कसे हरत ते कळल्याशिवाय त्या एका जिंकण्याची भीती कळायची नाही.

बंदरावर म्हणच पडली होती: बापू ज्याच्या बाजूने, तो बुडालो. होडीवाले तांडेल सकाळी दुकानात यायचे ते दोरा घ्यायला, पण दोरा हातात आला तरी रेंगाळायचे.

"बापू, आज दर्यो कसो वाटता?"

"आज दर्यो ताटासारखो. बिनघोर जावा."

बिनघोर म्हटलं की ते तांडेल घरी जाऊन पांघरूण ओढून झोपत. आकडा घेणारा एक जण पलीकडच्या पानाच्या गादीवर बसायचा, तो रोज बापूंना चहा पाजून विचारायचा, आज कुठला आकडा डोळ्यांसमोर येतो. बापू सांगत. मग त्या आकड्याच्या वाटेला कोणी जात नसे.

या सगळ्याचं त्यांना वाईट वाटत असेल, अशी माझी समजूत. मी तेव्हा नवी लग्न होऊन आलेली, देवगडची, बी.एड. झालेली, वेणी लांब आणि मतं त्याहून लांब. एकदा गडग्यावरून मी कळवळून म्हणाले, "बापू, लोक तुमची थट्टा करतात हो."

"थट्टा खंयची बाईनू," ते म्हणाले. "जिकणारे गावात पुष्कळ आसत. आज जिकतत, फाल्या हरतत, तेंचो काय भरवसो? भरवशाचो हरणारो मी एकटोच."

पैशाने मात्र ते खेळत नसत. त्याला कारण काकी. काकी बुटकी, गोरी, आवाज असा की मासेवाली तिच्या दारात स्वतःहून भाव उतरवायची. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला बापू मित्रांबरोबर गेले आणि देवळामागे चित्रांच्या फडक्यावर डाव मांडून बसलेल्या माणसापाशी लग्नातला कोट हरून आले. थंडीचे दिवस, अंगात गंजीफ्रॉक. काकीने दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आज कोट गेलो. फाल्या माका लावश्यात."

त्या दिवशी तिने कायदा केला. पैसा लावायचा नाही, घरातली वस्तू लावायची नाही. हरायचं तर स्वतःच्या अंगाचं हरायचं. बापूंनी तो कायदा मरेपर्यंत पाळला. म्हणून ते हरले की कोणाच्या तरी विहिरीचं पाणी ओढत, कोणाच्या तरी केळींची आळी खणत, श्रावण नसताना महिना महिना मासे सोडत. एका उन्हाळ्यात तर ते अर्ध्या मिशीने वावरले. डावी बाजू पिळदार, उजवी बाजू साफ. डावीकडून बघणाऱ्याने नमस्कार करावा आणि उजवीकडून बघणाऱ्याने ओळख विचारावी.

ती अर्धी मिशी माझ्यामुळे गेली हे मला फार उशिरा कळलं. माझ्या सासऱ्यांशी त्यांनी पैज लावली होती, की ही देवगडची बाई शिमग्याआधी माहेरी पळते. शिमगा आला, होळी झाली, मी होते तिथेच. कळल्यावर मी फणकाऱ्याने गडग्याशी गेले आणि विचारलं, "मी पळेन असं तुम्हांला वाटलंच कसं?"

"खराच वाटला," बापू शांतपणे म्हणाले. "रोज सांजेक विहिरीवर रडत होत्यात ना? आमका आयकाक येय."

आता यावर काय बोलणार? विहिरीचा रहाट करकरतो म्हणून माझं रडणं झाकलं जातं, असं मी समजत होते. सगळी आळी रहाट नि मी अशी जुगलबंदी ऐकत होती.

याच सुमाराला मी महिला मंडळात जुगाराविरुद्ध भाषण केलं. फार जोरदार झालं. टाळ्या पडल्या, त्यातली सगळ्यांत मोठी काकीची. त्या टाळीने मी चढले आणि दुसऱ्या दिवशी रविवार बघून बापूंना गणित शिकवायला बसले. नशीब वगैरे काही नसतं, नाणं उडवलं की छाप पडायची शक्यता निम्मी, काटा पडायची निम्मी, पुष्कळदा उडवलं की दोन्ही सारखे होतात. माणूस कायमचा हरूच शकत नाही.

"उडवा," बापू म्हणाले. "छाप."

काटा.

"छाप."

काटा. पुन्हा छाप, पुन्हा काटा. मग ते काटा म्हणाले आणि छाप पडली. मी नाणं बदललं. मग हात बदलला. मग त्यांना उठवून दुसऱ्या जागी बसवलं. चुलीवर दूध उतू गेलं त्याचा वास आला तरी मी उठले नाही, कारण आता एकदा तरी ते जिंकल्याशिवाय माझी डिग्री परत करावी लागेल अशी वेळ आली होती. आमचे हे बाहेरून आले, बघितलं, आणि म्हणाले, "कालच्या भाषणाचं प्रात्यक्षिक वाटतं?"

गडग्यापलीकडून काकी म्हणाली, "बाईनू, तुमचा गणित बरा आसतला, पण ह्या मानसाक लागू नाय. तेका मुंबयक पाठवा."

मी तणतणत म्हटलं, "काही असो, जुगार तो वाईटच."

"तुमचे बाबा काय करतत ओ?" काकीने विचारलं. तिला सगळं ठाऊक होतं.

"आंब्याचा व्यापार."

"म्हणजे कसा?"

"मोहोर आला की लोकांच्या बागा कराराने घेतात. पैसे आधी द्यायचे, फळ नंतर उतरायचं."

"नि मधी ढग इलो तर?"

"तर मोहोर काळा पडतो. नुकसान होतं."

"नि नाय इलो तर?"

"तर फायदा."

 काकी गडग्यावर तांदूळ निवडत राहिली. मग एक खडा टाकत म्हणाली, "तेका धंदो म्हणतत नाय? बरा आसा. आमच्या ह्येंच्या पैजेक कोण धंदो म्हणना नाय. तेंका ढग परवडना नाय ना."

बापूंनी फक्त एवढंच म्हटलं, "बाबांका कळवा, औंदा मोहोर झकास आसा." मी भाबडेपणाने पत्रात तसं लिहिलंही, आणि सोबत बापूंची सगळी हकिगत. उलट टपाली वडिलांचं पत्र आलं. पत्रात खुशाली नव्हती. लिहिलं होतं, त्या गृहस्थांना आमच्या बागांबद्दल पुन्हा तोंड उघडू देऊ नकोस.

बापूंचं एक तत्त्व होतं आणि त्याच्यापुढे ते कोणाला मानत नसत. पैज मनातली हवी. जे खरंच वाटतं तेच लावायचं. मनात एक आणि तोंडात एक, तर ती पैज धरत नाही, असं ते म्हणत. एका निवडणुकीत उमेदवाराचा माणूस भली मोठी सुरमई घेऊन दुकानात आला. बापूंनी फक्त समोरच्या उमेदवाराच्या नावाने पैज लावायची, मग हे निवडून आलेच, असा त्याचा हिशेब.

"सुरमय घेवन जावा," बापू म्हणाले. "माझ्यान खोटी पैज लागाची नाय. माका तर वाटता तुमचोच मानूस येतलो."

तो माणूस पांढराफटक पडला. म्हणाला, "बापू, हळू बोला." सुरमई फळीवर टाकून तो निघूनच गेला. उमेदवार स्वतःच्या वाडीतही पडला. काकीने मासा परत पाठवला, पण पाठवायच्या आधी समोर पाट घेऊन बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसली होती. मी गडग्यावरून बघितलं.

अशी वर्षं गेली. माझी मुलं मोठी झाली, मतं थोडी आखूड झाली. बापूंची मिशी पिकली. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघंच. काकी त्यांना हाक मारायची नाही. तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण काकीचं त्यातही टोक. बापूंचं खरं नाव जगन्नाथ. काकी पुरीच्या देवाला "थयचो देव", म्हणजे तिथला देव, म्हणायची. आळीत एका पोराचं नाव जगन्नाथ ठेवलं, तर तिने त्याच्या आईशी महिनाभर अबोला धरला, की आता या पोराला मी काय म्हणू. बापूंना बोलवायचं तर ती बांगड्या वाजवायची, भांडं आपटायची, नाहीतर "ऐकलात" म्हणायची. ती "ऐकलात" म्हणाली की आमचे हेसुद्धा दचकून बघायचे.

बापू कधी कधी तिला डिवचत, "एकदा तरी नाव घी गो."

"लग्नात घेतलंय. ता पुरे."

मग एका माघात काकीच्या पोटात दुखायला लागलं. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तपासण्या झाल्या. गाठ होती. डॉक्टरांनी बापूंना बाहेर घेऊन सांगितलं, ऑपरेशन करायला हवं, पण वय बघता निम्मं निम्मं धरून चाला. काकी दाराआडून ऐकत होती. परत आल्यावर मला म्हणाली, "इतक्या शिकान तो डागतर पन पैजच लावता मां?" आणि हसली. पण त्या दिवसापासून तिचं गडग्यावर येणं कमी झालं. रात्री काकी झोपत नाही, उठून बसते, असं बापूंनी मला दोऱ्याची गुंडी गुंडाळता गुंडाळता सांगितलं. गुंडी गुंडाळून झाली की ती उलगडून पुन्हा गुंडाळत होते.

ऑपरेशनला जायच्या आधी काकीला माहेरच्या देवाचा कौल घ्यायचा होता. मीही बरोबर गेले. गुरवाने फुलाच्या कळ्या ओल्या करून देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना लावल्या. उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आम्ही बघत बसलो. समईची वात काजळली, ती पुढे केली, तरी एकही कळी हलली नाही.

गुरव शेवटी म्हणाला, "देव आज बोलना नाय."

काकी उठली. "तेचा पन बरोबर आसा," ती म्हणाली. "उगाच शब्दात कित्याक अडाकता?" देवळाच्या पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला. "बाईनू, देव बोलना नाय, डागतर निम्मा बोलता. आता एकच रवलो."

तो एकच कोण, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

गाडी दारात आली होती. आळीतली माणसं जमली होती. मी थर्मासमध्ये पेज भरून घेऊन उभी. काकी गाडीत बसली, एक पाय आत, एक पाय बाहेर.

"ऐकलात," ती म्हणाली. "पैज लावा. तेच्याशिवाय ह्यो पाय मी आत घेवचंय नाय."

बापू पिशव्या ठेवत होते. "कसली पैज?"

"मी परत येवचंय नाय म्हणान लावा. जल्मभर लोकांच्या उपयोगाक हरल्यात. एकदा माझ्या उपयोगाक हरा."

कोणीतरी हसलं, पण ते हसणं लगेच गिळलं. कारण सगळ्यांनाच पटलं. बापूंनी ही परत येणार नाही म्हणायचं, ते हरायचे, आणि काकी परत यायची. इतका सोपा उपाय, आणि इतके दिवस कोणाला सुचला नव्हता. दोन-तीन जण म्हणालेही, "लावा बापू, लावा."

बापूंनी पिशवी खाली ठेवली. "माका तसा वाटना नाय," ते म्हणाले.

"वाटून घेवा."

"वाटून घेतला म्हणान वाटता काय गो? खोटी पैज धरना नाय. तुका ठावक आसा."

"मगे मनात काय आसा?"

बापू तिच्याकडे बघत राहिले. मग आमच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही परत येतली. माझी पैज आसा. ही परत येतली."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पलीकडच्या म्हाताऱ्या आजींनी पदर तोंडाला लावला. एक तांडेल पुढे होऊन हळूच म्हणाला, "बापू, शब्द मागे घेवा. तुमका देवाची आन."

"मनातलो शब्द मागे कसो घेवचो?" बापू म्हणाले. त्यांनी हात धोतराला पुसले. "दुसरी बाजू कोन घेता?"

पैजेला दोन बाजू लागतात. ही परत येणार नाही, असं कोणीतरी म्हणायला हवं, तरच पैज. आळीत कोण म्हणेल? बापूंनी एकेकाकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं. मी शाळेत वादविवाद स्पर्धा घेणारी बाई, विषयाच्या दोन्ही बाजू मुलांना लिहून देणारी. मी थर्मासचं झाकण घट्ट लावू लागले, जे आधीच घट्ट होतं.

"मी घेतंय," काकी म्हणाली.

"तू?"

"मगे काय? तुमका दुसरो कोन भेटाचो नाय. मी येवचंय नाय. लागली पैज."

"नि तू जिकलंस तर माझ्याकडसून वसूल करूक कशी येशीत?"

"ता आताच सांगान ठेवतंय. तुमी हरल्यात तर दुसरा लगीन करूचा नाय."

"ह्या वयात माका कोन देता?"

"तुमचो काय भरवसो? कोनी पैजेत गळ्यात बांधली तर घेवन येश्यात."

आता आळी मोकळेपणाने हसली. रडणारेही हसले. बापू मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "नि मी जिकलंय तर?"

"तुमी नि जिकतल्यात?"

"समजा."

"काय होया ता मागा."

"माझ्या नावान हाक मारूची. चार मानसांत. मोठ्यान."

काकीचा चेहरा लाल झाला. एवढं आजारपण, पण लाल झाला. "ता नको. दुसरा काय मागा."

"पैज आसा."

काकीने बाहेरचा पाय आत घेतला आणि दार ओढलं. "चला ओ ड्रायव्हर," ती म्हणाली. "मी आपली मरतलंय. नाव घेवचा तरी चुकात."

गाडी गेली. आम्ही रस्त्यात तसेच उभे राहिलो. कोणी कोणाकडे बघेना. बापू ज्याच्या बाजूने, तो बुडालो. ही म्हण त्या सकाळी सगळ्यांच्या तोंडात होती आणि ती कोणी उच्चारली नाही. मी घरात येऊन कपाटातून एक नाणं काढलं. हातात घेतलं, आणि उडवायचा धीर होईना म्हणून परत ठेवलं. शक्यतेचं गणित मुलांना शिकवणारी बाई ती हीच.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे हॉस्पिटलातला गलबला. मग बापू म्हणाले, "बाईनू."

"बोला बापू."

"जिकलंय."

मी खुर्चीत बसले.  मग त्यांनी विचारलं, अगदी खरोखर विचारलं, "जिकल्यार मानसा काय करतत ओ?"

"चहा पितात," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

काकी घरी आली ती निम्मी होऊन, पण आली. मासेवालीने पहिल्या दिवशी संधी साधून भाव चढवून बघितला आणि दुसऱ्या दिवशी उतरवला, तेव्हा आम्ही ओळखलं की काकीला आता धोका नाही.

धोका झाला तो बापूंच्या धंद्याला. बंदरावर एकदम गोंधळ. बापूंनी दर्या ताटासारखा म्हटलं, तर आता जायचं की झोपायचं? "तेंचा आता नक्की नाय," तांडेल म्हणू लागले. आकडेवाल्याने चहा बंद केला. एक तर येऊन बापूंनाच म्हणाला, "हरत होत्यात तेवा बरे होत्यात. आमका काय ता कळत होता." बापू हसले, पण दुकानात त्यांच्यासमोरचं बाकडं रिकामं राहू लागलं. लाल एस.टी. आली, हिरवी एस.टी. आली. बापू कोणाला सांगणार?

आणि काकी हरलेली पैज फेडेना. आधी म्हणाली, टाके सुकूदेत. मग म्हणाली, वैशाख आहे, घशाला कोरड पडते. मग पावसात आवाज जात नाही म्हणाली. आळीतल्या बायका येता जाता विचारत, "काकी, कधी गो?" काकी धुसफुसायची. बांगड्या पूर्वीपेक्षा जोरात वाजवायची. मला एकदा गडग्यावर म्हणाली, "जीव वाचलो ता बरा झाला, बाईनू. पन हरलंय ना? नि हरलंय कोणाकडे, तर ह्या मानसाकडे. आता सगळ्यांका तोंड कसा दाखवू?" बापूंनी मात्र एकदाही आठवण केली नाही. मागायला गेलं असतं तर तिने भांडून टाळलं असतं, हे ते ओळखून होते.

नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्याकडे बंदरावर समुद्राला नारळ देतात आणि मग नारळ लढवतात. एकाने हातात नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने वरून हाणायचं. ज्याचा फुटेल त्याचा नारळ जिंकणाऱ्याचा. लोक आठवडाभर आधीपासून घट्ट करवंटीचे नारळ शोधून ठेवतात. बापू दरवर्षी एक आणत आणि पहिल्या घावाला फोडून घेत.

त्या वर्षी त्यांच्यासमोर उभं राहायला कोणी तयार होईना. जिंकणारा बापू म्हणजे काय चीज आहे, कोणास ठाऊक. ते नारळ घेऊन धक्क्यावर उभे, आणि माणसं दोन हात लांब. काकी माझ्याबरोबर आली होती, आजारानंतर पहिल्यांदाच एवढी चालून. केसांत अबोलीचा वळेसर, एक हात माझ्या खांद्यावर. तिने ते बघितलं. बापूंच्या भोवतीची ती रिकामी जागा तिने बघितली आणि तिची बडबड थांबली.

शेवटी तोच तांडेल पुढे आला, ज्याने त्यांना देवाची आण घातली होती. बापूंनी नारळ पुढे धरला. बंदर गप्प. तांडेलाने हाणलं.

बापूंचा नारळ असा फुटला की पाणी त्यांच्या मिशीपर्यंत उडालं. सगळ्या बंदराने सोडलेला श्वास मी ऐकला. "फुटलो," कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले, फुटलो, बापूचो फुटलो. तांडेलाने त्यांना मिठी मारली. आकडेवाला लांबून हात हलवत होता. बापू दोन्ही हातांत दोन भकलं घेऊन, आमच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभे होते.

माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला.

"जगन्नाथ," काकी म्हणाली.

इतकं हळू, की मलाही जेमतेम ऐकू आलं. तिने इकडेतिकडे बघितलं. घसा साफ केला.

"जगन्नाथ."

आमच्या जवळच्या दोघी-तिघी वळल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं. ही गोष्ट गर्दीतून अशी सरकत गेली, की बघता बघता आमच्यापासून धक्क्याच्या टोकापर्यंत माणसं गप्प झाली. काकी पायाच्या बोटांवर उभी राहिली.

"ओ जगन्नाथ."

बापू वळले नाहीत. मी काकीला तिथल्या बाईच्या हवाली केलं आणि गर्दीतून वाट काढत पुढे झाले. म्हटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय. वळसा घालून समोर गेले. बापू डोळे मिटून उभे होते. हनुवटीवरून नारळाचं पाणी ठिबकत होतं आणि मिशीखाली सगळा चेहरा हसत होता. माझी चाहूल लागली तसा त्यांनी एक डोळा उघडला, मला बघितलं, हातातल्या भकलासकट बोट ओठांवर ठेवलं आणि तो डोळा पुन्हा मिटून घेतला.

मी आले तशी परत गेले.

"बहिरे झाले काय ओ ह्ये, बाईनू?" काकी घाबरी होऊन म्हणाली. "तीनदा मारलंय हाक."

"वारा आहे, काकी," मी म्हणाले. "जरा मोठ्याने मारा."